बियाचं खरं की शिवाराचं?

परसातल्या अंबाडीमुळे ही गोष्ट निघाली. दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं पुण्याहून गावी आली होती आणि आमची अंबाडी तेव्हा डोक्याच्या वर जाऊन फुलावर आली होती. सोन्या दहा वर्षांचा. तो झाडापाशी थबकला आणि तिथूनच ओरडला, "आबा, तुम्ही गांजा लावलाय?" हाताच्या पंजासारखं, करवती कडांचं ते पान त्यानं कुठल्याशा टी-शर्टवर पाहिलं होतं. त्याची बहीण मनू बारावीला आहे, शास्त्र शाखेत. तीही क्षणभर पानाकडे बघत राहिली.

मी त्याला पिवळ्या फुलातला गडद डोळा दाखवला, कोवळं पान चावायला दिलं. आंबट लागलं तेव्हा त्याला पटलं, की हीच आपण भाकरीबरोबर खातो ती भाजी. पण पोराची नजर चुकली नव्हती. अंबाडीचं शास्त्रीय नावच 'हिबिस्कस कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंद. तिच्या वाखाला इंग्रजांच्या काळात व्यापारी 'डेक्कन हेम्प' म्हणत. पान सारखं, दोरही दोन्हींचे वळता येतात, पण कूळ वेगळं आणि आतलं रसायन तर पार वेगळं.

"मग खऱ्या गांजात असं काय असतं आबा, की त्याच्यासाठी कायदा करावा लागतो?" मनूनं विचारलं.

अशा प्रश्नाला 'गप बस' म्हणणं मला कधी पटलेलं नाही. ज्या झाडाबद्दल घरात बोलायचं नाही, त्याबद्दल मुलं बाहेर ऐकतात, आणि बाहेर ऐकलेल्यातलं निम्मं खोटं असतं. रात्री जेवणं झाली, ओसरीवर घोंगडी अंथरली, आणि मी त्यांना दोनशे वर्षं चाललेल्या एका भांडणाची गोष्ट सांगायला घेतली. ती इथे तुम्हालाही सांगतो.

भांडण असं होतं. युरोपातले शेतकरी शेकडो वर्षं हे झाड वाखासाठी लावत आले होते. जहाजांची शिडं त्याची, दोरखंडं त्याची. माणसं दिवसभर त्या उंच, घनदाट पिकात उभी राहून कापणी करत आणि संध्याकाळी शुद्धीवर घरी जात. लिनियसनं १७५३ साली त्याला 'कॅनाबिस सटायव्हा' असं नाव दिलं. पुढे हिंदुस्थानातून वाळवलेले नमुने फ्रान्समध्ये पोचले आणि १७८५ साली लामार्कनं ते तपासले. त्याला हे झाड निराळं वाटलं. फांद्या जास्त, साल कडक, वाख काढायला जवळपास निरुपयोगी, पण नशा मात्र जबर. त्यानं त्याची वेगळी जात मानली आणि नाव दिलं 'कॅनाबिस इंडिका'. थोडक्यात लामार्कचं म्हणणं, की फरक बियात आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, छे, बी एकच, फरक उन्हाचा. कलकत्त्याला विल्यम ओशॉनेसी नावाचे आयरिश डॉक्टर मेडिकल कॉलेजात शिकवत. त्यांनी १८३९ साली या वनस्पतीच्या औषधी गुणांवर मोठा निबंध लिहिला. उष्ण देशात या झाडाच्या पानाफुलांवर चिकट राळ पाझरते आणि युरोपातल्या झाडावर ती दिसत नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. वाचणाऱ्यांना वाटलं, झालं, उलगडा झाला. बंगालचं ऊन लागलं की राळ, लंडनचं धुकं लागलं की नुसता वाख.

"दोघांतलं खरं कोण?" सोन्याला निकाल लगेच हवा होता. मी म्हटलं, थांब. पंडितांच्या आधी शेतकऱ्याला काय ठाऊक होतं ते ऐक.

तेव्हाच्या राजशाही जिल्ह्यातलं नौगाव आज बांगलादेशात आहे. तिथे सरकारी परवान्यानं गांजाची शेती चालायची. या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. नराचा फुलोरा सुटा, झुपक्यांचा, पराग सोडणारा. मादीचा तुरा गच्च, पानांत लपलेला. रोपं फुलावर यायच्या सुमाराला गावात एक माणूस यायचा, त्याला 'पोद्दार' म्हणत. तो सरीसरीनं हिंडायचा आणि ज्या झाडाला नराची खूण दिसेल ते उपटून फेकायचा. फूल उमलायच्या आत नर ओळखणं हीच त्याची विद्या, आणि शेतकरी त्याला त्याचेच पैसे मोजत. चार नर नजरेतून सुटले तरी त्यांचे पराग वाऱ्यानं पसरत, माद्यांना बी धरे आणि मालाची किंमत उतरे.

त्या पोद्दाराला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यानं नेमकं दुखणं धरलं होतं. बी धरलं की मादी आपली ताकद दाण्याकडे वळवते. बी धरलं नाही की तुरा वाढत राहतो, परागाची वाट बघत फुलांवर फुलं काढत राहतो आणि राळ साठत जाते. म्हणजे एकाच बियाची, एकाच वावरातली दोन झाडं, शेजारी नर असला-नसला एवढ्यावर वेगळी होतात. शिवाराच्या बाजूनं हा पहिला पुरावा.

१८९३ साली इंग्रज सरकारनं या साऱ्या प्रकाराच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानं देशभरातल्या ११९३ साक्षीदारांची मतं नोंदवली आणि १८९४ साली कित्येक खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यातल्या लागवडीच्या संदर्भात त्या कागदपत्रांत आपला नगर जिल्हाही येतो. मुलांना हे सांगितलं तेव्हा दोघंही अंधारात शिवाराकडे बघायला लागली. आज तिथे ऊस आहे, कांदा आहे, डाळिंब आहे, आणि १९८५ च्या कायद्यानं गांजाची परवानगीशिवाय लागवड हा गुन्हा आहे. ते योग्यच आहे असं माझं मत आहे, विशेषतः कोवळ्या वयाचा विचार करता. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि ही नशा नेमकी त्या घडणीत हात घालते. हे मी मनूला स्पष्ट सांगितलं, आणि गोष्ट पुढे नेली.

आता झाडाच्या आत शिरू. मादीच्या तुऱ्यावर भिंगातून पाहिलं तर काचेच्या टाचण्या टोचल्यासारखं दिसतं. बारीक देठ आणि त्यावर गोल डोकं. डोकं जेमतेम एक दशांश मिलिमीटरचं. झाडाचा कारखाना तो एवढाच. त्या गोळ्याच्या तळाशी जिवंत पेशींची चकती असते. ती माल बनवते आणि पातळ पडद्याखाली साठवत जाते. पडदा फुटला की बाहेर येते ती राळ. हिमालयात हातावर चोळून काढतात तो चरस म्हणजे असे लाखो फुटलेले गोळे.

झाड हा उद्योग कशासाठी करतं? आपल्याला नशा यावी म्हणून नक्कीच नाही. फुलापाशी आलेल्या किड्याचे पाय चिकटावेत, तोंड खराब व्हावं, दाणा सुखरूप राहावा, यासाठी ही तयारी असावी. या राळेतली काही द्रव्यं किड्यांच्या पेशी मारतात हे प्रयोगशाळेत दिसलेलंही आहे.

कारखान्यात आधी एक कच्चा माल तयार होतो. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ, शास्त्रज्ञही त्याला 'सीबीजीए' एवढंच म्हणतात. मी मुलांना सांगितलं, ही कणीक समजा. या कणकेवर दोन कारागिरांपैकी एक काम करतो. पहिल्याच्या हातून टीएचसी नावाच्या द्रव्याचं आम्लरूप बनतं, दुसऱ्याच्या हातून सीबीडीचं. टीएचसी म्हणजे नशेचं द्रव्य. सीबीडीनं नशा येत नाही. दोघांचं रेणुसूत्र अगदी सारखं, तेवढाच कार्बन, तेवढाच हायड्रोजन, तेवढाच ऑक्सिजन. फक्त एका ठिकाणी कडी जोडली गेली की तुटकी राहिली, एवढाच फरक. एवढ्या फरकावर एक द्रव्य तुरुंगाच्या वाटेनं गेलं आणि दुसरं दवाखान्याच्या.

"आम्लरूप म्हणजे?" मनूनं बरोबर जागी अडवलं. जिवंत झाडात नशेचं द्रव्य जवळपास नसतंच, त्याचं आम्ल असतं, आणि त्या आम्लानं नशा येत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं. वाळवताना हे हळूहळू होतं, आगीजवळ झटकन.

टीएचसी शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना नेमकी मांडली गेली १९६४ साली. इस्राएलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी ते काम केलं. मेशूलमना संशोधनासाठी पाच किलो हशीश पोलिसांकडून मिळालं होतं आणि ते त्यांनी साध्या बसमधून, पिशवीत घालून नेलं. बसमधल्या लोकांना वास आला, पण कुणाला कळेना कशाचा. सोन्या यावर इतका हसला, की आतून त्याच्या आजीनं हाक मारली.

रचना कळल्यावर जुन्या भांडणाचा न्याय करता येणार होता. न्याय कसा करायचा? आपण दोन वाणांची तुलना करतो तेव्हा काय करतो? एकाच वावरात, एकाच दिवशी, शेजारी-शेजारी सऱ्यांत पेरतो. कॅनडात ओटावाला अर्नेस्ट स्मॉल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं हेच केलं. जगभरातून ३५० ठिकाणचं बियाणं गोळा केलं, एका शिवारात पेरलं आणि झाडांचं रसायन मोजलं. १९७३ साली ते प्रसिद्ध झालं. ऊन तेच, पाऊस तोच, माती तीच. उन्हाच्या बाजूच्या लोकांचं खरं असतं तर सगळी झाडं एकसारखी निघायला हवी होती.

तसं झालं नाही. उष्ण प्रदेशातून आलेल्या बियांची झाडं त्या थंड देशातही टीएचसीच बनवत राहिली. उत्तरेकडच्या वाखाच्या बियांची झाडं सीबीडी बनवत राहिली. काही थोडी दोन्ही बनवत होती. तीन गट स्वच्छ पडले.

मग २००३ साली डच संशोधक एतियेन द मैयर आणि त्यांच्या सोबत्यांनी निव्वळ टीएचसीचं झाड आणि निव्वळ सीबीडीचं झाड यांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळ्या झाडांत दोन्ही द्रव्यं. दुसऱ्या पिढीत एक वाटा टीएचसीचा, दोन वाटे मिश्र, एक वाटा सीबीडीचा. मी एवढं बोललो आणि मनू उठून बसली. "एकास दोनास एक! आबा, हे तर मेंडेलचे वाटाणे!" खरंच आहे. कणकेवर कोणता कारागीर बसणार हे आईबापांकडून येतं, वाटाण्याच्या फुलाच्या रंगासारखं.

"म्हणजे बी जिंकलं," सोन्यानं निकाल लावला आणि घोंगडी ओढून घेतली.

त्याला मी झोपू दिलं नाही, कारण शिवाराची बाजू अजून राहिली होती, आणि शेतकऱ्याच्या घरात तिला अर्ध्यावर सोडता येत नाही.

कारागीर कोण हे बी ठरवतं. पण भट्टी किती पेटणार, कणीक किती मळली जाणार, माल किती निघणार आणि त्याला वास कसला येणार, यात शिवाराचा मोठा हात आहे. पाण्याचंच घ्या. आपल्याकडे डाळिंबाची बाग बहारापूर्वी ताणावर सोडतात. पाणी तोडतात, झाड पानं गाळतं, आणि मग पाणी दिलं की फुलानं लगडतं. माळावरची, पाण्याला मुकलेली मिरची जास्त झोंबते, हे घरोघरी बायका सांगतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात गांजाच्या झाडावर असाच ताण देऊन पाहिला. फुलोरा भरत आला असताना काही दिवस पाणी तोडलं, पानं मलूल होऊ दिली, मग पुन्हा पाणी दिलं. २०१९ साली छापलेल्या त्या प्रयोगात टीएचसी-आम्लाचं प्रमाण १२ टक्क्यांनी आणि सीबीडी-आम्लाचं १३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. वाढ दोन्हींत जवळपास सारखीच! ताणानं भट्टी वाढवली, पण कारागीर बदलला नाही. मला या प्रयोगातली ही गोष्ट सगळ्यांत सुंदर वाटते.

खताचंही तसंच. इस्राएलच्या व्होल्कानी संस्थेत नीरित बर्नस्टाइन यांच्या गटानं नत्राचं प्रमाण बदलून पाहिलं. नत्र भरपूर दिलं की झाड मोठं होतं, तुरेही भरतात, पण राळेतल्या द्रव्यांचं प्रमाण घटतं. नत्र कमी पडलं तर उलट होतं, द्रव्यं दाट आणि पीक थोडं. युरिया ओतलेली मेथी आणि शेणखतावरची मेथी ज्यानं खाऊन पाहिली आहे, त्याला याचं नवल वाटणार नाही. झाडाकडे नत्र मुबलक असलं की ते हिरवा पाला वाढवतं. नत्र आखडलं की उरलेला कार्बन, ज्यात नत्र लागत नाही अशा द्रव्यांकडे वळतो. टीएचसी आणि सीबीडी दोन्हींत नत्राचा एकही अणू नाही.

दिवसाच्या लांबीनं तर या झाडाचं पंचांगच ठरतं. आपल्याकडची शेवंती जशी रात्री लांबल्या की कळीवर येते, तसंच हे. उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत ते नुसतं वाढतं, रात्र लांबली की फुलतं. म्हणून दक्षिणेतलं बियाणं उत्तरेकडे नेलं तर ते फुलायच्या आत थंडी गाठते. ओशॉनेसींच्या काळात युरोपात कुणी हिंदुस्थानी बी लावून पाहिलं असतं आणि राळ दिसली नसती, तर कारण कदाचित एवढंच असतं, की झाडाला पिकायला वेळच मिळाला नाही.

आणि ऊन? मूळ भांडण तर उन्हाचंच होतं. एक कल्पना फार लोकप्रिय झाली. राळ म्हणजे झाडाची छत्री, उंच डोंगरावर अतिनील किरण तिखट असतात, त्यांच्यापासून बचावासाठी झाड टीएचसी वाढवतं. १९८७ साली अमेरिकेत मेरिलंडला हरितगृहात तसा प्रयोग झाला. अतिनील किरण वाढवले तेव्हा नशेच्या वाणात टीएचसी वाढलं, वाखाच्या वाणात नाही. सगळीकडे तो दाखला फिरला. पण २०२१ साली ग्वेल्फच्याच दुसऱ्या प्रयोगात अतिनील किरणांनी टीएचसी वाढलं नाही, उलट झाडांचं नुकसान झालं. त्याच गटानं साधा प्रकाश वाढवून पाहिला, तर फुलोऱ्याचं वजन प्रकाशाच्या प्रमाणात वाढत गेलं, पण त्यातल्या द्रव्यांची टक्केवारी हलली नाही. जुन्या आणि नव्या प्रयोगांत वाण वेगळा, दिवे वेगळे, किरणांची जातही वेगळी. म्हणून छत्रीची गोष्ट मी मुलांना सिद्ध झालेली म्हणून सांगितली नाही. ती अजून तपासात आहे.

तरीही डोंगरातली एक गोष्ट या ओघात सांगितल्याशिवाय राहवत नाही. पामीरच्या पठारावर, आजच्या चीनच्या पश्चिम टोकाला, जिरझानकल नावाची प्राचीन दफनभूमी आहे. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, आणि काळ सुमारे २५०० वर्षांपूर्वीचा. तिथल्या थडग्यांत लाकडाची भांडी सापडली, आत तापवलेले दगड, आतली बाजू जळालेली. अशा दहा भांड्यांपैकी नऊंमध्ये या झाडाच्या द्रव्यांच्या खुणा मिळाल्या, आणि त्या खुणा सांगत होत्या की जाळलेली झाडं साध्या रानटी झाडांपेक्षा टीएचसीत भारी होती. २०१९ साली हे जाहीर झालं. माणसांनी मुद्दाम निवडलेली झाडं होती, की डोंगराच्या थंडीनं आणि उन्हानं तशी झालेली, यावर संशोधकांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत. तेच आपलं जुनं भांडण, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राखेत.

बियाचं की शिवाराचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना एका बाबतीत चांगलाच महागात पडला. तिथे २०१८ च्या कायद्यानं या झाडाची लागवड खुली झाली, अट एकच, की वाळल्या मालात टीएचसी ०.३ टक्क्यांहून जास्त नको. आपल्या उत्तराखंडातही वाखाच्या लागवडीला हीच मर्यादा आहे. हा आकडा कुठून आला? १९७६ साली ओटावाच्या त्याच स्मॉलनी आर्थर क्रोन्क्विस्टबरोबर झाडांची वर्गवारी करताना सोयीसाठी रेघ कुठेतरी ओढायची म्हणून ओढली होती. ती पुढे कायद्यात जाऊन बसली.

अमेरिकेतले शेतकरी सीबीडीसाठी सीबीडीचंच बी पेरत. तरी तपासणीत काहींचं पीक मर्यादेबाहेर जाई आणि नष्ट करावं लागे. लोक म्हणत, यंदा ऊन कडक होतं, पूर आला, रोग पडला, त्या धसक्यानं झाडानं नशा बनवली. कॉर्नेल विद्यापीठात हा समज तपासला. झाडांना पाण्यात बुडवलं, जखमा केल्या, तणनाशक मारलं, भुरी लावली. २०२१ साली त्यांनी निष्कर्ष दिला, की या हालांनी सीबीडी आणि टीएचसीचं आपसातलं प्रमाण बदललं नाही.

मग मर्यादा ओलांडली कशी? मनूला मी हे गणित घातलं. सीबीडीचा कारागीर पूर्ण निर्दोष नसतो. त्याच्या हातून साधारण पंचवीस वाटे सीबीडीमागे एक वाटा टीएचसी होतंच. आता सांग, तुऱ्यात सीबीडी पाच टक्के असेल तेव्हा टीएचसी किती? ती म्हणाली, ०.२. मर्यादेच्या आत. तुरा पिकत गेला, सीबीडी दहा टक्क्यांवर पोचलं, आता? "०.४," ती म्हणाली आणि गप्प झाली. झाडानं फसवलं नव्हतं. पीक जितकं चांगलं, तितकं ते कायद्याबाहेर. शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट होती, काढणीची तारीख. माझ्या मते सोयीसाठी ओढलेल्या रेघेवर कुणाचं वर्षाचं पीक जाळणं हा न्याय नव्हे.

वासाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्याला हापूसवरून लगेच कळते. हापूस कलमाचा. देवगडचा काय आणि दापोलीचा काय, रक्त एकच. तरी नाक ओळखतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत वेगवेगळ्या ठिकाणच्या हापूसमधली वासाची द्रव्यं मोजली, तेव्हा हा जागेचा फरक यंत्रातही उतरला. गांजाच्या राळेत वासाची द्रव्यं भरपूर असतात. मिरीतलं, लिंबाच्या सालीतलं, देवदारातलं अशी ओळखीची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एकाच जनुकांची झाडं उघड्या शेतातली आणि बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेली अशी ताडून पाहिली. शेतातल्या झाडांत वासाची जड द्रव्यं जास्त आणि अधिक प्रकारची होती, आणि बिघडलेली द्रव्यं कमी. मातीचं, वाऱ्याचं, किड्यांचं बोलणं झाड वासातून सांगतं, असं मी म्हणेन.

बिघडणं म्हणजे काय, तेही एक. हवा आणि उजेड लागून टीएचसीचं कॅनाबिनॉल होतं. १८९६ च्या सुमारास केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांनी हिंदुस्थानी चरसातून जे द्रव्य काढलं ते हेच होतं, आणि बराच काळ लोक त्यालाच नशेचं मूळ समजत राहिले. झाडाचं रसायन कापणीनंतरही थांबत नाही. कोठारातला अंधार, गारवा, सुकवणी, हेही शिवाराचंच लांबलेलं टोक.

सोन्या एव्हाना झोपला होता. मनूनं विचारलं, "आबा, शिवारानं इतका फरक पडतो, तर या झाडाचं औषध कसं करतात? प्रत्येक बाटली वेगळी नाही का निघणार?"

याचं उत्तर आमच्यासारख्या साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या माणसाला फार जवळचं आहे. इंग्लंडात नॉरफोक परगण्यात विसिंग्टन इथे बीटापासून साखर करणारा मोठा कारखाना आहे. त्याच्या शेजारी १८ हेक्टरचं काचेचं हरितगृह आहे. कारखान्याची वाया जाणारी उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड नळातून तिथे सोडतात. आधी तिथे टोमॅटो पिकत. २०१७ पासून तिथे सीबीडीची झाडं लावली गेली. वाण ठरलेला, ऊब ठरलेली, पाणी ठरलेलं, हवा ठरलेली. त्यांच्यापासून शुद्ध केलेलं सीबीडीचं औषध, एपिडायोलेक्स, अमेरिकेनं जून २०१८ मध्ये मंजूर केलं. ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या नावांच्या, लहान मुलांना होणाऱ्या फेफऱ्याच्या दोन कठीण आजारांवर ते देतात. त्याच्या प्रत्येक बाटलीत, प्रत्येक मिलिलिटरला, १०० मिलिग्रॅम सीबीडी असतं.